कार्ड चालू होतं आणि पुन्हा बंद पडतं? कुलूप कुठे लागलंय ते आधी बघा

एका बँकेच्या क्रेडिट कार्ड हेल्पलाइनवर मी काही वर्षं रात्रपाळी केली. बँकेचं नाव सांगत नाही, तिथे अजून ओळखीची माणसं आहेत. त्या खुर्चीत बसून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "अहो, परवाच तर तुम्ही चालू करून दिलं होतं!" पहिल्यांदा कार्ड बंद पडलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला समजावणं सोपं. तिसऱ्यांदा बंद पडलेला माणूस चिडलेला असतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं, कारण आधीच्या दोन्ही वेळी कोणीतरी नुसता फोन उरकलेला असतो. त्या 'कोणीतरी'त मीही आलो. एक फोन किती मिनिटांत संपवला यावर आमचं मोजमाप व्हायचं.

आज हे लिहितोय ते मावशीमुळे. आठ महिन्यांत तिचं कार्ड तीनदा बंद पडलं. "अरे, बँकेला फोन केला की चालू होतं, महिनाभर चालतं आणि परत मान टाकतं," ती म्हणाली. एकदा कार्ड बदलून दिलं, ते तिने शाखेत जाऊन आणलं. तेही महिन्याभरात बंद. मग बँकेने आणखी एक पाठवलं, ते पोचलंच नाही. मी विचारलं, "मावशी, बंद नक्की काय आहे हे कोणी सांगितलं का तुला? कार्ड बंद आहे की खातं?"

"कार्डच की! खातं कशाला बंद पडेल?"

इथेच मेख आहे.

कार्ड वेगळं, खातं वेगळं

आमच्या स्क्रीनवर ग्राहकाची माहिती उघडली की वर खात्याची ओळ यायची आणि तिच्या टोकाला एका अक्षराएवढी चौकट. खाली त्या खात्यावर निघालेल्या प्रत्येक कार्डाची एकेक ओळ, तिच्याही टोकाला तशीच चौकट. चौकट रिकामी असेल तर सगळं ठीक. तिथे एखादं अक्षर बसलं असेल तर कुलूप. कुठल्या अक्षराचा काय अर्थ हे बँकेगणिक बदलतं, पण ही दोन मजल्यांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच.

खालच्या मजल्यावरची कुलपं त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यापुरती असतात: कार्ड हरवलं, चोरीला गेलं, पिन चुकला, एखादा व्यवहार संशयास्पद वाटला, मुदत संपली, किंवा तुम्ही स्वतःच ॲपमधून लॉक केलं. वरच्या मजल्यावरची कुलपं तुमच्या आणि बँकेच्या व्यवहारावर असतात: थकबाकी, लिमिट ओलांडणं, ओळखपत्रांची पडताळणी राहणं, पत्त्यावरून टपाल परत येणं, किंवा बँकेने खातं बंद करायचंच ठरवणं.

आता कार्ड बदलून मिळालं म्हणजे काय झालं? खालच्या मजल्यावर एक नवी ओळ आली. वरचं अक्षर होतं तिथेच. किंवा हेल्पलाइनवरच्या माणसाने वरचं अक्षर पुसलं, पण ते बसवणारं कारण जागेवरच राहिलं. मग महिन्याच्या ठरावीक रात्री संगणक पुन्हा फिरतो, कारण पुन्हा सापडतं, अक्षर पुन्हा बसतं. वारंवार बंद पडणाऱ्या कार्डांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या अनुभवात ह्याच जातीची होती.

फोन न करताही मजला ओळखायची एक साधी खूण आहे. त्याच खात्यावर घरातल्या कोणाचं ॲड-ऑन कार्ड असेल तर ते वापरून बघा. ते चाललं आणि तुमचं नाही चाललं, तर बिघाड बहुधा खालच्या मजल्यावर. दोन्ही मेली असतील तर वरच्या. आणि त्याच बँकेची तुमच्या नावावरची दोन स्वतंत्र कार्डं एकाच दिवशी बंद पडली असतील, तर प्रश्न खात्याच्याही वरचा, थेट तुमच्या नावाशी जोडलेला आहे. तिथे बहुतेक वेळा कागदपत्रं निघतात.

तारखा मांडा

फोन उचलण्याआधी स्टेटमेंट आणि एसएमएस समोर घेऊन कागदावर तीन गोष्टी लिहा: कार्ड कोणकोणत्या तारखांना बंद पडलं, त्याआधीचा शेवटचा चाललेला व्यवहार कोणता, आणि प्रत्येक वेळी चालू कसं झालं. कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत जे दिसतं ते तीन फोनमध्ये कळत नाही.

दर महिन्याला साधारण त्याच तारखेच्या आसपास बंद पडत असेल तर संशयाची सुई थकबाकीवर किंवा स्टेटमेंटवर धरा. दर वेळी त्याच साइटनंतर किंवा त्याच प्रकारच्या खरेदीनंतर बंद पडत असेल तर बँकेची संशय घेणारी यंत्रणा जागी होतेय. तारखांना काही ताळमेळच नसेल आणि नाकारलेले व्यवहार मध्यरात्री, तुम्ही झोपेत असताना झालेले दिसत असतील, तर तुमचा कार्ड नंबर दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, किंवा एखादं विसरलेलं सबस्क्रिप्शन जुन्या नंबरवर दार ठोठावतंय.

मावशीच्या तारखा महिन्याच्या अंतराने पडल्या होत्या. बिल मात्र ती ड्यू डेटच्या चार दिवस आधी भरणारी बाई. म्हणजे थकबाकी नाही. राहिलं स्टेटमेंट.

परत परत घासू नका

काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? "परत बघा ना." मग उलटं घालून बघतो, टॅप करून बघतो, फोनवरून बघतो. मागे रांग वाढते, कान गरम होतात. एकदा परत करायला हरकत नाही, कारण लाइन गेलेली असू शकते. तिसऱ्या वेळी मात्र तुम्ही स्वतःचं नुकसान करता. बँकेच्या संगणकाला दिसतं ते एवढंच, की काही मिनिटांत एकाच कार्डावर चार नाकारलेले प्रयत्न झाले. चोर नेमका असाच वागतो. किरकोळ कारणाने अडलेला व्यवहार अशा रीतीने खरोखरच्या ब्लॉकपर्यंत जातो.

त्याऐवजी दुकानदाराकडे स्लिप मागा. मशीन बँकेला विचारतं तेव्हा उत्तर दोन अक्षरी संकेतात येतं. ही पद्धत आयएसओ ८५८३ या मानकातून आलेली, ते १९८७ पासून आहे. सगळ्या मशीनवर तो आकडा छापून येत नाही, पण आला तर निम्मं निदान तिथेच. ५१ म्हणजे लिमिट पुरत नाही. ५४ म्हणजे मुदत संपली किंवा मुदतीची तारीख चुकीची टाकली. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे पिन चुकवायचे प्रयत्नही संपले. ६२ म्हणजे कार्डावर निर्बंध आहेत. ५७ म्हणजे ह्या प्रकारचा व्यवहार ह्या कार्डावर चालत नाही. ऑनलाइन किंवा परदेशी वापर ॲपमध्ये बंद ठेवलेला असतो तेव्हाही हा दिसू शकतो. १४ म्हणजे कार्ड नंबरच चुकीचा. ९१ दिसला तर निवांत राहा, बँकेचा संगणकच उत्तर देत नाहीये, तासाभराने बघा.

सर्वांत डोकेदुखीचा संकेत ०५. त्याचा अर्थ एवढाच, की बँक नाही म्हणतेय. का, ते सांगत नाही. दुकानदाराशी वाद घालून उपयोग शून्य, त्यालाही तेवढंच दिसतं.

४१ म्हणजे हरवलेलं कार्ड आणि ४३ म्हणजे चोरीचं. हे आले तर दुकानदाराने कार्ड ठेवून घ्यावं अशी मूळ अपेक्षा. कार्ड एकदा हरवलं म्हणून कळवलं आणि मग सोफ्याच्या फटीत सापडलं, असं झालं असेल तर ते नुसता प्लॅस्टिकचा तुकडा म्हणूनच धरा. तो नंबर परत जिवंत होत नाही, आणि ते मशीनमध्ये घातलंत तर चोर तुम्ही ठरता. पूर्वी बंद कार्डांच्या नंबरांच्या छापील याद्या दुकानांत पोचायच्या आणि गल्ल्यावरचा माणूस बोट फिरवत नंबर शोधायचा. पुढे व्हिसा झालेल्या नॅशनल बँकअमेरिकार्डने १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मंजुरीची यंत्रणा सुरू केली आणि हा सवालजवाब मिनिटाच्या आत आला. बोट फिरवणारा माणूस निदान चेहरा तरी बघायचा, असं मला अधूनमधून वाटतं.

लिमिटचा ५१ फसवा असू शकतो. तुम्ही म्हणता, एवढा खर्च केलेलाच नाही. पण हॉटेल, गाडी भाड्याने देणारे, स्वयंचलित पेट्रोल पंप ठरावीक रक्कम आधीच अडवून ठेवतात. खरं बिल वेगळं लागतं आणि अडवलेली रक्कम सुटायला काही दिवस जातात. स्टेटमेंटमध्ये ती दिसत नाही, ॲपमध्ये 'पेंडिंग'खाली दिसते. तसंच बिल भरल्या क्षणी लिमिट मोकळं होतंच असं नाही.

संशय घेणारं यंत्र

नाकारलेल्या व्यवहारामागे बहुतेक वेळा माणूस नसतो. १९९२ मध्ये फाल्कन नावाची प्रणाली आली. तिच्यात न्यूरल नेटवर्क होतं आणि ते प्रत्येक व्यवहाराला ९९९ पर्यंत गुण द्यायचं. गुण जितके जास्त तितका संशय जास्त. तेव्हापासून ही जातच रुळली. बँक एक रेषा ठरवते, तिच्यावर गुण गेले की व्यवहार अडतो, आणखी वर गेले की कार्डच अडतं.

गुण कशाने वाढतात? तुमच्या नेहमीच्या चालीपेक्षा वेगळं काही केलं की. आधी एक अगदी किरकोळ रकमेचा व्यवहार आणि मागोमाग एक मोठा, कारण चोर आधी कार्ड जिवंत आहे का ते चाचपतो. एका तासात दोन देशांत वापर. गिफ्ट कार्ड, दागिने, महागडे फोन, म्हणजे लगेच विकून पैसे करता येतील अशा वस्तू. आणि चिप असलेलं कार्ड पट्टीने घासलं जाणं. चिप झिजली किंवा मळली की मशीन "घासा" म्हणतं, आपण घासतो, आणि बनावट कार्डही असंच वापरलं जातं. चिप वारंवार वाचली जात नसेल तर कार्ड खराब झालं म्हणून बदलून घ्या, कार्ड अडायची वाट बघू नका.

ह्या प्रकारचा ब्लॉक सोडवणं खरं तर सर्वांत सोपं. "हा व्यवहार तुम्ही केला का?" असा मेसेज येतो, 'हो' म्हटलं की कुलूप निघतं. अडचण एवढीच, की तो मेसेज तुमच्या जुन्या फोन नंबरवर जात असतो. नंबर बदलल्यावर आपण बचत खात्याला कळवतो आणि बँक एकच आहे म्हणजे कार्डालाही कळलं असेल असं धरून चालतो. बऱ्याच बँकांत कार्ड विभागाच्या नोंदी निराळ्या असतात. त्याच ग्राहकाचं कार्ड वर्षात चारदा अडलेलं मी पाहिलंय, चारही मेसेज अशा नंबरवर, जो तोवर टेलिफोन कंपनीने दुसऱ्याच कोणाला देऊन टाकला होता. तो परका माणूस प्रामाणिकपणे 'नाही' असं उत्तर पाठवत होता!

आणि एकाच साइटवर खरेदी केल्यावर काही दिवसांनी दर वेळी घोटाळा होत असेल, तर गळती तिथे आहे. नवं कार्ड आलं की आपण सवयीने पुन्हा तिथेच 'सेव्ह कार्ड'वर टिक करतो. फुटक्या माठात पुन्हा पाणी भरण्यातला प्रकार. त्या साइटवर कार्ड ठेवूच नका. बँक एकदाच वापरायचा आभासी कार्ड नंबर देत असेल तर तो वापरा.

थकबाकी, जी आपल्या मते नाहीच

"मी तर सगळं भरलंय" असं म्हणणारे दहातले आठ खरं बोलत असतात. घोळ शेपटीत असतो. बिल भरलं, पण स्टेटमेंट निघाल्यावर लागलेलं व्याज किंवा वार्षिक फी राहिली. ऑटो-पे लावलंय, पण ते ज्या बँक खात्यातून जातं ते खातं बदललं. ऑटो-पेची तारीख ड्यू डेटच्या दिवशीच ठेवलीय, त्या दिवशी सुट्टी आली, पैसे दोन दिवसांनी पोचले. दर महिन्याला एकदा असं झालं की संगणक कुलूप लावतो, पैसे आले की काढतो, आणि तुम्हाला वाटतं कार्ड आपोआप बंद-चालू होतंय. ऑटो-पे तीन-चार दिवस आधी आणा, आणि ते पूर्ण रकमेचं आहे की फक्त मिनिमम ड्यूचं, हेही बघा. मिनिमम भरणाऱ्याचं कार्ड लगेच बंद पडत नाही, पण व्याज साचत जातं आणि एक दिवस लिमिट ओलांडून ५१ दिसतो.

कार्ड बंद असताना बिल बंद नसतं, हे लक्षात राहू द्या. ब्लॉक झालेल्या कार्डाची ड्यू डेट येतेच, हप्ते सुरूच राहतात, व्याजही लागतं. रागाच्या भरात "आधी कार्ड चालू करा, मग भरतो" म्हणणाऱ्यांचा राग मला समजायचा, पण त्याचा फटका त्यांच्याच क्रेडिट रिपोर्टला बसायचा. तक्रार एका बाजूला चालू द्या, पैसे वेळेवर भरा. वादातली रक्कम असेल तर तेवढीच लेखी हरकत घेऊन बाजूला ठेवा.

जे कार्ड आपण कधीच वापरत नाही त्याचं तर विचारूच नका. ते ड्रॉवरमध्ये पडून असतं, त्याच्यावर वार्षिक फी लागते, फीवर दंड लागतो, मेसेज जुन्या ईमेलवर जातात. दोन वर्षांनी दुसरीकडे कर्ज मागायला गेलं की कळतं. नको असलेलं कार्ड आपण होऊन बंद करून घ्या आणि बंद झाल्याचं बँकेकडून लेखी घ्या. नुसतं कापून टाकल्याने खातं बंद होत नाही.

पिनची गोष्ट थोडक्यात. चुकीच्या पिनची मोजणी काही ठिकाणी बँकेच्या संगणकात होते, काही कार्डांत खुद्द चिपमध्ये. संगणकातली मोजणी हेल्पलाइन खोडू शकते. चिपमधली खोडायची तर बँकेचा आदेश चिपपर्यंत पोचायला हवा, म्हणजे कार्ड एटीएममध्ये किंवा ऑनलाइन जोडलेल्या मशीनमध्ये घालावं लागतं. "त्यांनी चालू केलं म्हणाले, तरी चालत नाही" ह्या तक्रारीत बऱ्याचदा एवढंच बाकी असतं. टॅप करताना मशीनने अचानक पिन मागितला तर तो बिघाड नाही, सलग काही टॅप झाल्यावर कार्ड खात्री करून घेतं.

फोनवर काय विचारायचं

कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा, शोधून काढलेल्या नंबरवर नाही. आणि पहिलं वाक्य "माझं कार्ड चालू करा" हे म्हणू नका. ते म्हटलं की समोरचा चालू करतो आणि फोन ठेवतो. मावशीच्या शेजारी बसून मी तिला लिहून दिलं, आणि ती शब्दन् शब्द बोलली:

"ब्लॉक कार्डावर आहे की खात्यावर?"

पलीकडे थोडी शांतता. मग, "मॅडम, खात्यावर दिसतोय."

"कोणत्या तारखेला लागला आणि कोणत्या विभागाने लावला?"

तारीख आली. विभाग सांगायला दोन मिनिटं होल्डवर ठेवलं. "मॅडम, टपाल परत आल्याचा आहे."

"आता तो काढलात तर पुन्हा कशाने लागेल?"

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा. हा विचारला की समोरच्याला कारणापर्यंत जावंच लागतं. निघालं असं: मावशीने दोन वर्षांपूर्वी घर बदललं, बचत खात्यात पत्ता बदलला, कार्ड विभागात नाही. दर महिन्याचं छापील स्टेटमेंट जुन्या पत्त्यावर जायचं, 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत यायचं, आणि ते स्कॅन झालं की अक्षर बसायचं. हेल्पलाइन अक्षर पुसायची, पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट पुन्हा जायचं. कार्डाचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

उत्तर मिळालं की तक्रार क्रमांक घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा, आणि तेच सगळं त्याच दिवशी ईमेलने पाठवा. फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे रेकॉर्ड असतं, तुमच्याकडे नसतं. "कारण सांगता येणार नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. बँकेच्या आत तक्रारीची वरची पायरी असते आणि बहुतेक देशांत बँकेच्या बाहेरही स्वतंत्र यंत्रणा असते. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो आधीच्या तक्रार क्रमांकाचा.

फोन तुम्ही केला असेल तरच हे सगळं. "तुमचं कार्ड बंद होणार आहे" असा फोन आला, तर बंद पडू द्या आणि ठेवून द्या. असे लोक खात्री पटवायला कार्डाचे सुरुवातीचे आकडे वाचून दाखवतात आणि माणूस विरघळतो. ते आकडे तुमचे नसतातच. पहिले सहा, आणि २०२२ पासून सर्रास आठ, हे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. त्या प्रकारची कार्डं असलेल्या सगळ्यांचे ते सारखेच. शेवटचे चार तर दुकानाच्या पावतीवरही छापून येतात. ओटीपी, पिन, मागचे तीन आकडे, किंवा 'मदतीसाठी' स्क्रीन दाखवणारं ॲप, ह्यांतलं काहीही मागितलं की समजायचं.

नवं कार्ड आल्यावर जुन्याची भुतं

मुदत संपून आलेल्या कार्डाचा नंबर बहुधा तोच राहतो, तारीख आणि मागचे तीन आकडे बदलतात. हरवल्यामुळे किंवा घोटाळ्यामुळे आलेल्या कार्डाचा नंबरच नवा असतो. दोन्हींत सबस्क्रिप्शनं अडतात, पण निरनिराळ्या तऱ्हेने.

काही कंपन्यांना नवा नंबर आपोआप कळतो, कारण व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही अशा सेवा आहेत ज्या दुकानदाराकडचा जुना नंबर अद्ययावत करून देतात. त्यामुळे "कार्ड बदललं म्हणजे ते नको असलेलं सबस्क्रिप्शन सुटलं" ह्या भरवशावर राहू नका. नको ते सबस्क्रिप्शन त्या कंपनीकडेच रद्द करा. उलट, ज्यांना नवा नंबर कळत नाही ते जुन्यावरच प्रयत्न करत राहतात. व्हिसाचा नियम आहे, की नाकारलेला तोच व्यवहार ३० दिवसांत १५ पेक्षा जास्त वेळा पुन्हा टाकायचा नाही. पण १५ म्हणजे तरी काय थोडे झाले? म्हणून नवं कार्ड आलं की मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं चाळा. वर्षातून एकदाच जाणारी सबस्क्रिप्शनं तिथेच सापडतात.

फोनमधलं कार्ड ही वेगळीच चीज. फोन तुमचा खरा नंबर वापरत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली नंबर, असतं आणि टोकनाला स्वतःचं कुलूप लागू शकतं. प्लॅस्टिक चालतं आणि फोन नाकारतो असं दिसलं तर फोनमधून कार्ड काढून नव्याने घाला. तेवढ्याने काम होतं.

जुन्या नंबरवरची खरेदी परत केली आणि दुकानाने पैसे जुन्याच कार्डावर पाठवले, तर घाबरू नका. खातं तेच असेल तर बँक ती रक्कम जुन्या नंबरवरून नव्यावर वळवते. खातंच बंद झालं असेल तर मात्र स्वतः मागावी लागते. दुकानाकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक घेऊन बँकेला द्या.

सगळं निस्तरल्यावर मोठ्या खरेदीने सुरुवात करू नका. आधी चिप आणि पिनने दुकानात एक छोटा व्यवहार, मग टॅप, मग फोन, मग ऑनलाइन. ज्या पायरीवर अडेल तिथलंच कुलूप राहिलंय.

मावशीच्या कार्ड विभागात पत्ता बदलला. त्यानंतरची दोन स्टेटमेंटं नव्या घरी आली, कार्ड चालू आहे. न पोचलेलं ते कार्ड राहिलं होतं, म्हणून आम्ही जुन्या घरी गेलो. नवे भाडेकरू पत्रं इमानदारीने परत पाठवत होते, पण कुरियर आलं त्या दिवशी घरात एकटा असलेल्या त्यांच्या मुलाने सही करून पाकीट घेतलं आणि टीव्हीमागे ठेवून विसरला. पाकीट न फोडलेलं होतं. तरी आधी बँकेला फोन करून तो नंबर रद्द करून घेतला, मगच कात्री घेतली. मावशी मधोमध कापायला निघाली होती. "मधून नको," मी म्हटलं, "तशी चिप शाबूत राहते. चिपमधून काप."